दिवसा अकराचा डीजे

इस्लामपूरच्या बादशहा नदाफांना लोक डीजे म्हणतात, हे त्यांना स्वतःला अजून पुरतं पटलेलं नाही. डीजे म्हटलं की उलटी टोपी घातलेला, हातभर गोंदण असलेला एखादा पोरगा डोळ्यांपुढं येतो. बादशहाभाईंचं वय चोपन्न. दाढीला मेंदी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि ऊन लागू नये म्हणून डोक्याला गुंडाळलेला पंचा. हेडफोन ते त्या पंचावरूनच चढवतात. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला वाटतं, दाढदुखीचा माणूस ट्रॉलीत बसवलाय.

वाजवणं मात्र त्यांच्या रक्तातलं. वडील ब्रास बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. लाल कोट घालून पंधराव्या वर्षी बादशहाभाईही बँडच्या मागच्या रांगेत ढोलावर उभे राहिले. पुढं आठ वर्षं साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक यायचं, नाव आठवत नाही म्हणायचं आणि नुसतंच 'हं हं हंहं' करून दाखवायचं. बादशहाभाई मागं हात घालून नेमकी कॅसेट काढून द्यायचे. त्यांचा कान तयार झाला तो तिथं. मग कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. बँडचे लाल कोट ट्रंकेत गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला. माउस कसा धरायचा ते सहावीतल्या लेकीनं, अल्फियानं, त्यांना शिकवलं. पहिले दोन दिवस ते माउस असा धरत होते की, जणू सोडला तर बिळात जाईल.

नऊ वर्षांत त्यांचं नाव झालं. आवाज मोठा म्हणून नव्हे, उलट आवाज आवरता येतो म्हणून. मिरवणूक बाळंतिणीच्या घरावरून चालली की भाईंचा हात आपोआप बटणावर जायचा. बारावीची परीक्षा असलेल्या पोरीचं दार, दवाखान्याची भिंत, देवळातली आरती, मशिदीतली अजान, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. ते म्हणायचे, "गानी लावाय कुनाला बी येतं. वाजवनं म्हंजे म्होरची मानसं बगनं."

आणि माणसं बघता यावीत म्हणून त्यांनी एक उद्योग करून ठेवला होता. लॅपटॉपातल्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या हव्या त्या जागी खूण करता येते. ती खूण दाबली की गाणं बरोबर तिथं उडी मारतं. बादशहाभाईंनी अकराशे गाण्यांवर अशा खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेला नाव दिलं होतं. 'मामा' म्हणजे नवरदेवाचा मामा रिंगणात आला की लावायचा तुकडा. 'आजी' म्हणजे जुनी, संथ चाल, म्हातारीच्या गुडघ्यांना झेपेल अशी. 'फुगडी' बायकांसाठी. 'दम खा' म्हणजे वाद्यं मंद होतात ती जागा. तेवढ्यात नाचणारे पाणी पिऊन घेतात. सहा वर्षं दर पावसाळ्यात, लग्नं नसताना, ते कानाला हेडफोन लावून ह्या खुणा करत बसायचे. बायको जन्नतबी म्हणायची, "घरात मानूस हाय, पर घरात न्हाई."

त्यांचा एक नियम होता. हंगामात बैल बदलायचा नाही. दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत लॅपटॉप रोज विचारायचा, नवं व्हर्जन आलंय, घेऊ का? आणि भाई रोज 'नंतर' हे बटण दाबायचे, तेही इतक्या अदबीनं, की दारात आलेल्या पाहुण्याला उपाशी परत धाडताना वाईट वाटावं.

ते 'नंतर' त्यांच्या नकळत एका मे महिन्यात आलं.

अल्फिया सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिसरं वर्ष संपवून ती सुटीला घरी आली होती. एका शनिवारी दुपारी भाई जेवून आडवे झाले होते आणि लॅपटॉप उघडाच होता. त्यावर तीच सूचना. अल्फियानं ती नीट वाचली. नव्या व्हर्जनमध्ये एक मोठी गंमत होती. चालू गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज वेगळा काढता येत होता, वाद्यं वेगळी. तिला वाटलं, अब्बांना हे कधी कळायचं? पावसाळ्यात? तोवर आपण कॉलेजला. उद्या त्यांना चकितच करावं. तिनं शिकल्याप्रमाणं आधी सगळ्या जुन्या गोष्टींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली, आणि अपडेट मारलं. सॉफ्टवेअर उघडलं, गाणं वाजलं. तिनं समाधानानं लॅपटॉप बंद केला आणि पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळच्या पुढं एका वाडीत मिरवणूक होती. लग्नाची नव्हे. सुभेदार मानसिंग अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून कायमचे घरी येत होते. त्या वाडीची रीतच होती की, रिटायर होऊन येणारा फौजी फाट्यावर उतरला की उघड्या जीपमधून वाजतगाजत घरी न्यायचा. सगळी जुळवाजुळव धाकट्या भावानं, नानासोनं केली होती. मिरवणूक सकाळी अकराला निघायची होती.

जोतिबा हा भाईंचा नेहमीचा ट्रॅक्टरवाला. त्याच्या उसाच्या ट्रॉलीत स्पीकर, जनरेटर आणि मधोमध भाईंचं टेबल, त्यावर लॅपटॉपला वायरनं जोडलेली बटणांची पाटी, असं बांधकाम असायचं. त्या दिवशी अल्फियाही ट्रॉलीत चढली. अब्बांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं तिला.

ते तिला लगेचच बघायला मिळालं.

भाईंनी लॅपटॉप उघडला. ऊन असं होतं की ट्रॉलीच्या पत्र्यावर भाकरी भाजली असती. एरवी स्क्रीन पांढरीशुभ्र असायची आणि तिच्यावर काळी अक्षरं. आज स्क्रीन काळी ठिक्कर. शाळेतल्या पाटीसारखी. भाईंनी डोळे बारीक करून बघितलं, तर त्यांना त्यात फक्त स्वतःची मेंदी लावलेली दाढी दिसली.

"अल्फे, हे बंद पडलंय."

"चालू हाय, अब्बा. नवं व्हर्जन हाय. मी काल टाकलंय." तिच्या आवाजातला आनंद वाक्याच्या शेवटी शेवटी विरत गेला.

"बरं. पांढरं कर."

अल्फियानं लॅपटॉपवर ओढणी धरली आणि एकेक खिडकी उघडून बघितली. पांढरं करायची सोयच नव्हती. आधी होती, ती काढून टाकली होती. कंपनीची टीप तेवढी होती. तिनं ती वाचून मराठीत सांगितली, "काम अंधारात चालतं, डोळ्यांना उजेडाचा त्रास हुतो, म्हनून रंग काळा केलाय. डीजे लोकांच्या खास मागनीवरनं."

"कुनी मागितलं?" बादशहाभाईंनी आजूबाजूला बघितलं, जणू मागणारा ट्रॉलीतच कुठंतरी लपलाय. "मला कुनी इचारलं?"

तेवढ्यात फाट्यावर फटाके वाजले. सुभेदारांची गाडी आली होती. नानासो धावत आला. "आवं बादशहाभाई, दादा उतरलं की! लावा, लावा!"

जोतिबानं सीटखालचं काळं घोंगडं उपसलं आणि भाईंच्या हातात दिलं. भाई लॅपटॉपसकट त्या घोंगड्यात शिरले. मे महिना, घोंगडं, खाली तापलेला लॅपटॉप. पण आत अंधार होता आणि स्क्रीन दिसली. दिसली ती न दिसती तर बरं झालं असतं. अकराशे गाण्यांवरच्या खुणांची नावं गायब होती. 'मामा'च्या जागी दोन चौकोन. 'आजी'च्या जागी दोन चौकोन. 'फुगडी'च्या जागी तीन. नव्या व्हर्जनला मराठी अक्षरं वाचताच येत नव्हती.

भाई घामानं निथळत बाहेर आले. "अल्फे, मामा बी चौकोन आनि आजी बी चौकोन. आता मी कुनाला नाचवू?"

अल्फियाचे डोळे भरून आले. ते बघून भाईंनी बोलणं आवरतं घेतलं. पोरीला रागवायची ती वेळ नव्हती, आणि समोर दीडशे माणसं फेटे बांधून उभी होती. त्यांनी सवयीनं पहिलं गाणं लावलं. हलगी घुमली, जीप हलली. पुढं जुन्या फौजींची लेझमाची रांग होती. सगळ्यात पुढं सत्तरीचे लालासाहेब, पासष्ट साली सरहद्दीवर जाऊन आलेल्या बापाचे चिरंजीव आणि स्वतः निवृत्त हवालदार. दोन घरं पुढं गेल्यावर लालासाहेबांना धाप लागलेली भाईंनी बघितली. त्यांनी 'दम खा'ची जागा आठवून बटण दाबलं.

पण नव्या व्हर्जननं आणखी एक शहाणपण केलं होतं. सगळी गाणी आपल्या मनानं पुन्हा मोजली होती. त्याच्या हिशेबानं गाणं म्हणजे फूटपट्टी. सरळ, सारखं, एकही ठोका इकडचा तिकडं नाही. हलगी तशी चालत नाही. हलगीवाला जिवंत माणूस असतो. तो रंगात आला की पुढं पळतो आणि सुपारी तोंडात टाकली की मागं राहतो. फूटपट्टी लावल्यावर सगळ्या खुणा आपापल्या जागेवरून सरकल्या होत्या. 'दम खा' दाबलं आणि गाणं धाडदिशी सगळ्यात जोराच्या कडव्यावर जाऊन पडलं. लेझमाची रांग जागच्या जागी फूटभर उडाली. लालासाहेबांनी दचकून डावा पाय टाकायचा तिथं उजवा टाकला, आणि रांगेनं हुकूम समजून तोच टाकला.

"लय भारी!" कडेची पोरं ओरडली. त्यांना वाटलं, मुद्दाम बसवलंय.

भाईंनी कपाळ पुसलं. मग अल्फियाकडं बघितलं आणि घोंगडं तिच्या पुढं धरलं. "चल, शीर आत. तुला समदं वाचाय येतं न्हवं? तू माजं डोळं. गानं कुटवर आलंय एवढंच सांग. मानसं मी बगतो."

मग त्या दिवशी वाडीनं जे बघितलं ते कुणी कुठं बघितलं नसेल. ट्रॉलीत एक घोंगडं, घोंगड्यातून आवाज येतोय आणि बाहेर पंचा बांधलेला डीजे त्याच्याशी बोलतोय.

"कडवं सपत आलं, अब्बा! धा मोजा!"

"म्होरं वाद्यं हायती का?"

"हायती. लांबडी पट्टी दिसतीय."

"मग बाया येऊ द्या मदी. फुगडीचं कुटलं?"

"तीन चौकोनवाला. पर ह्यो जरा मागं सरकलाय!"

"सरकू दे. मी हातानं वडतो."

एक म्हातारबा ट्रॉलीच्या कडेनं चालत होता. त्यानं जोतिबाला विचारलं, "घोंगड्यात कोन हाय रं?"

"इंजिनेर हाय," जोतिबा म्हणाला.

आणि गंमत म्हणजे बादशहाभाईंना मजा यायला लागली. खुणा नाहीत म्हटल्यावर बँडमधले दिवस आठवले. तिथं कुठं बटणं होती? पुढच्या क्लॅरिओनेटवाल्यानं मान हलवली की ढोलवाल्यानं समजून घ्यायचं. आज मान हलवणारी माणसं समोर होती. त्यांच्या पायांवर नजर ठेवून भाई चाल कमी-जास्त करत होते. वळणावर जीप अडकली तर गाणं लांबवत होते. एका दारात खाटेवर माणूस पडलेला दिसला, तिथं आवाज उतरवून ते नुसती हलगी टिचकीएवढी ठेवत होते. गेली काही वर्षं डोळे अर्धे स्क्रीनवर असायचे. आज सगळेच्या सगळे माणसांवर होते.

मिरवणूक सुभेदारांच्या दारात पोचली. दारात त्यांची आई उभी होती. चंद्राबाई, ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली. हातात आरतीचं ताट होतं. सुभेदार जीपमधून उतरले, आईपुढं उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. ट्रॉलीवर गाणं चालू होतं, फौजी लेकाची वाट बघणाऱ्या आईचं. गाणारीचा आवाज चांगला, पण फार रडवा.

चंद्राबाईंनी ओवाळलं. मग मान वर करून ट्रॉलीकडं बघितलं आणि हात झटकला.

"आरं ए, त्या बाईला गप कर की! ल्योक माजा आलाय आनि ही का रडतीया? मी म्हनते काय म्हनायचं ते."

लोक हसले. नानासोनं धावत जाऊन माइक आईच्या तोंडापुढं धरला. भाईंनी गाणं बंद केलं. एकदम शांतता झाली. त्या शांततेत म्हातारी बावरली. दीडशे माणसं आपल्याकडं बघतायत हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. भाईंना कळलं, गाण्याशिवाय ती म्हणणार नाही आणि गाणं लावलं तर ती बाई पुन्हा रडणार.

घोंगडं हललं. अल्फियाचं घामानं भिजलेलं डोकं बाहेर आलं. "अब्बा! ती बाई काडू का?"

"कुटनं?"

"गान्यातनं! त्येच तर हाय नव्या व्हर्जनमदी. त्याच्यासाठीच टाकलं हुतं मी!"

भाईंना कळायच्या आत ती पुन्हा आत गेली. गाणं सुरू झालं. दोन ओळी बाई गायली, आणि मग, एखादी पासिंजर स्टॉपवर उतरून जावी तशी, ती गाण्यातून उतरून गेली. मागं हलगी राहिली, पेटी राहिली, टाळ राहिले. चाल तीच, गाडी चालूच, फक्त बाई नाही. बादशहाभाईंचा हात बटणावरच थांबला. चाळीस वर्षं ते गाण्यांबरोबर राहत होते. गाण्यातलं माणूस असं वेगळं काढता येतं हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

चंद्राबाईंनी मान डोलावली. पदर खोचला. आणि त्या चालीवर, जात्यावर बसल्यासारख्या, सुरू झाल्या:

"साळंला म्हनून ग्येला, बांधावं निजला,
मास्तर दारात आला, रांजनात लपला!"

वाडी फुटली. सुभेदारांनी टोपी काढून तोंडापुढं धरली.

"गुळाची ढेप फोडली, नाव मांजराचं क्येलं,
छातीवं बिल्लं लावून आज मांजार घरला आलं!"

बायकांनी 'मांजार घरला आलं' उचलून धरलं. फेटेवाले, लेझीमवाले, सगळे तेच म्हणायला लागले. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या हुकमावर पलटण हलली ते सुभेदार मानसिंग टोपीआड खांदे गदगदवत होते. हसत होते की रडत, ते टोपीला माहीत. म्हातारीचा दम मधे मधे पडायचा. ती श्वास घ्यायला थांबली की बादशहाभाई चाल केसभर मंद करायचे, आणि ती उठली की तिच्याबरोबर उठवायचे. तेवढं मात्र कुठल्याच व्हर्जनमध्ये नव्हतं. ते त्यांच्या बोटांत होतं. चंद्राबाईंनी एकूण नऊ कडवी म्हटली. त्यात लेकाची शाळा, पहिली विडी आणि पळवलेलं शेजाऱ्याचं कोंबडं, सगळं चव्हाट्यावर आलं.

परतीच्या वाटेवर अल्फिया ट्रॉलीच्या कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसली होती. तासगाव मागं पडलं. शेवटी तिला राहवलं नाही.

"अब्बा, चुकलं माजं. इचारून टाकाय पायजे हुतं."

"व्हय, चुकलं," भाई म्हणाले. थोड्या वेळानं ते एकटेच हसायला लागले. "मांजार घरला आलं! म्हातारी लय खट हाय गड्या." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "माज्या खुना गेल्या म्हनायच्या का?"

"न्हाई. जुनं समदं मी आदीच काडून ठेवलंय. उद्या परत टाकून देते. जसं हुतं तसं."

"आनि मग ते बाई उतरवायचं?"

"ते नव्यातच हाय. जुनं टाकलं की ते जानार."

भाईंनी डोक्याचा पंचा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "मला दोनी पायजे. आपन लिवू त्यास्नी."

अल्फियानं कामाच्या लॅपटॉपवर जुनं परत टाकलं, नवं आपल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवलं, आणि त्यांनी खरोखरच लिहिलं. भाई सांगत होते आणि अल्फिया इंग्रजीत उतरवत होती. भाईंचं पत्र 'साहेबांस सप्रेम सलाम' इथून सुरू व्हायचं आणि घरच्या सगळ्यांची खुशाली कळवून मग मुद्द्यावर यायचं. अल्फिया म्हणाली, "अब्बा, ही लोकं एवढं वाचत न्हाईत." भाई म्हणाले, "वाचत न्हाईत म्हनूनच तर पडदा काळा झालाय."

कंपनीचं उत्तर आलं, तेही दोन मिनिटांत. तुमचा अभिप्राय मोलाचा आहे. भाई खूश झाले. ते मशीननं पाठवलंय, हे अल्फियानं त्यांना आठवडाभर सांगितलं नाही. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं. जूनमध्ये कंपनीनं सगळ्या वापरणाऱ्यांना एक फॉर्म धाडला. तुम्ही कुठं वाजवता? पर्याय चार: क्लब, मोठा महोत्सव, रेडिओ, घर. खाली 'इतर' असं लिहून एक रिकामी रेघ होती. त्या रेघेवर भाईंनी लिहायला सांगितलं: उसाची ट्रॉली, चालती, भर उन्हात.

ती रेघ कुणाच्या तरी नजरेत भरली. ऑक्टोबरात हेलेना नावाच्या बाईचं पत्र आलं. ह्या वेळी मशीनचं नव्हतं. ती कंपनीत स्क्रीनवर काय कुठं दिसावं हे ठरवणाऱ्यांपैकी होती. तुमच्याशी बोलता येईल का, असं तिनं विचारलं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी जन्नतबीनं टेबलावर नवा टेबलक्लॉथ घातला. भाईंनी शर्टाला पुन्हा इस्त्री केली. फोनवर बाई दिसली. तिच्या अंगात जाड स्वेटर होता आणि मागच्या खिडकीत मळभ. इकडं ऑक्टोबरच्या उन्हानं माणसं भाजून निघत होती. अल्फिया मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती.

बाईनं विचारलं, "तुमचा कार्यक्रम साधारण किती वाजता सुरू होतो?"

"अकराला."

तिनं लिहून घेतलं आणि मान हलवली. "आणि पहाटेपर्यंत चालतो?"

अल्फियानं हे मराठीत सांगताच भाई दचकले. "पहाटं? आवं न्हाई वं बाई! दिवसा अकरा! जेवायच्या टायमाला समदं घरात!"

बाईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती पहिल्यापासून रात्रीचे अकरा धरून बसली होती. तिच्याच कंपनीत नव्हे, तिच्या साऱ्या धंद्यातच डीजे म्हणजे रात्र. भाईंनी अल्फियाला फोन हातात घ्यायला लावला, स्वतः तिचा जुना लॅपटॉप उचलला आणि थेट गच्चीवर गेले. जन्नतबीनं तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरच्यांच्या मधे उभं राहून त्यांनी लॅपटॉप उघडला. आत नवं व्हर्जन, बाईंच्या हातचं. अल्फियानं फोन त्याच्यासमोर धरला.

बाईला आपल्याच कामावर आभाळ दिसलं, पाण्याची टाकी दिसली आणि एक कावळा दिसला. दुसरं काही दिसलं नाही. तिनं तोंडावर हात ठेवला, कुणाला तरी हाक मारली, आणि फोनमध्ये आणखी दोन डोकी आली. भाईंनी त्यांनाही सलाम केला.

मग चौकोनांची गोष्ट निघाली. "इथं मुळात काय लिहिलं होतं?" बाईनं विचारलं.

"आजी."

"म्हणजे?"

अल्फियानं सांगितलं, आजी म्हणजे आईची नाहीतर बापाची आई. बाई गोंधळली. गाण्यात आजी कशाला? मग भाईंनी सविस्तर समजावलं. मिरवणुकीत घरची म्हातारी एकदा तरी रिंगणात येतेच. ती आली की पोरं बाजूला होतात. तेव्हा तिच्या ओळखीची चाल पाहिजे, आणि संथ पाहिजे, नाहीतर गुडघा धरतो. ती जागा सापडायला मला एक पळ मिळतो. त्या पळात मी चौकोन वाचत बसू का?

बाई बराच वेळ लिहीत होती. मग हसून काहीतरी बोलली. अल्फियानं सांगितलं, "अब्बा, त्या म्हनत्यात, डीजेंना काय काय लागतं ह्याची आमच्याकडं मोठी यादी हाय. त्याच्यात आजी न्हवती."

"आता घाला म्हनावं."

जानेवारीत एक पत्र आलं. सोबत नव्या व्हर्जनचा कच्चा खर्डा होता. बाजारात यायच्या आधी तपासायला मोजक्या लोकांना धाडलेला. भाईंनी तो अल्फियाच्या जुन्या लॅपटॉपवर टाकला. आपल्या कामाच्या लॅपटॉपला त्यांनी हात लावू दिला नाही. पांढरा पडदा परत आला होता. भर उन्हात अक्षर अन् अक्षर दिसत होतं. खुणा आता कुणाच्या परवानगीशिवाय सरकत नव्हत्या. 'मामा' मामा झाला होता. 'आजी' नीट उभी होती. फक्त जोडाक्षरं फुटत होती. 'म्हातारा' लिहिलं की म एकीकडं पडायचा आणि हातारा दुसरीकडं. भाईंनी अशा सव्वीस चुका काढून परत धाडल्या. जन्नतबी शेजारणीला म्हणाली, "आमचं हे आता परदेशाचं पेपर तपासत्यात."

हे पंचक्रोशीत कळायला वेळ लागला नाही. विट्याचे, शिराळ्याचे, पार कराडकडचे डीजे फोन करू लागले. त्यातले बरेच भाईंच्या निम्म्या वयाचे. सगळ्यांचा प्रश्न एकच, अपडेट मारू का? भाई जनावराच्या डॉक्टरसारखी चौकशी करतात. लॅपटॉप किती वर्षांचा? तापतो का? पुढचं लग्न कधी? जुनी प्रत काढून ठेवली का? मग सल्ला देतात. बहुतेकांना सांगतात, "आता नगं. लग्नं उरकू दे."

परवा शिराळ्याच्या सद्दामचा फोन आला तेव्हा भाई जेवायला बसले होते. ताटात गरम भाकरी आणि अख्खा मसूर. सद्दामचं म्हणणं होतं, नवरीच्या एंट्रीला माहेरची माणसं रडतात आणि सासरची नाचतात. एकाच गाण्यात दोन्ही बसवायचं असं काही बटण नव्या व्हर्जनमध्ये आहे का?

भाईंनी घास खाली ठेवला. विचार केला.

"बटन न्हाई," ते म्हणाले, "पर इचार चांगला हाय रं. थांब, लिवून घेतो."

आणि खिशातल्या दोन पेनांपैकी चालणारं कुठलं ते शोधू लागले. जन्नतबीनं त्यांची भाकरी झाकून ठेवली.